काल्पनिक युद्धखेळात नवी फौज उभी करताना

प्रश्न असा आहे. नांदेडचा एक मित्रगट 28 मिलिमीटर मापाच्या मिनिएचर, म्हणजे छोट्या सैनिकमूर्ती, घेऊन, स्वतः लिहिलेल्या नियमांवर काल्पनिक युद्धखेळ खेळतो. मानवी सरदार, एल्फ (चपळ वनवासी), ड्वार्फ (बुटके चिलखती योद्धे), ऑर्क (रानटी लढवय्ये) आणि सांगाड्यांची सेना अशा पाच फौजा त्यांच्याकडे आहेत आणि त्या पाचांचा आता कंटाळा आला आहे. नव्या फौजांसाठी त्यांनी चार नावे काढली आहेत: अग्निमानव, हिममानव, सर्पमानव आणि जादू जाणणारे मावळे. ही यादी कशी वाटते आणि मराठवाड्याशी नाते सांगणारे आणखी काय घालता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

यादीविषयी स्पष्टच सांगतो. चारपैकी तीन नावे म्हणजे फौजा नव्हेत, रंगसंगती आहेत. अग्निमानव तांबडे रंगवले आणि हिममानव निळे, तरी पटावर दोघेही सहा इंचच चालतात, दोघांचाही वार चार किंवा त्याहून वरच्या फाशाला लागतो, आणि त्यांच्याशी लढताना समोरच्याला वेगळे डोके चालवावे लागत नाही. चौथे नाव आपुलकीचे आहे खरे, पण मावळ्याच्या हाती आगीचा गोळा दिल्याने मावळ्याची लढाई पटावर येत नाही. ती लढाई अडचणीच्या वाटा, अवेळी चढाई आणि शत्रूची तोडलेली रसद यांतून उभी राहिली होती, आणि आगीचा गोळा नेमके तेच झाकून टाकतो.

नवी फौज तपासताना मी एक कसोटी लावतो. सगळ्या मिनिएचरवर नुसता राखाडी प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारून खेळायला बसावे, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत बाजूला उभ्या असलेल्या माणसाला निव्वळ हालचालींवरून ही फौज कोणाची हे ओळखता आले पाहिजे. ते तेव्हाच जमते, जेव्हा प्रत्येक फौज समोरच्या खेळाडूला असा एक पेच घालते जो दुसरी कोणतीही फौज घालत नाही. सांगाड्यांची सेना विचारते की पुन्हा पुन्हा उठणाऱ्यांवर किती फेऱ्या घालवणार. ड्वार्फ विचारतात की न हलणारी भिंत किती किंमत मोजून फोडणार. म्हणून आधी पेच शोधावा, त्याला साजेसा हरण्याचा मार्ग ठरवावा, आणि वेश, शस्त्रे, रंग, नावे यांच्याकडे त्यानंतर वळावे. हरण्याचा मार्ग बहुतेक जण ठरवतच नाहीत. जिला हरवायची युक्ती सापडत नाही अशा फौजेशी चार डावांनंतर कोणी खेळायला बसत नाही, आणि इतक्या मेहनतीने रंगवलेली ती फौज कपाटात जाते.

असे पेच शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. ते मराठवाड्याच्या दगडात, पाण्यात आणि किल्ल्यांत पडलेले आहेत.

वेरूळपासून सुरुवात करू. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे, जे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी जोडले जाते, ते वरून खाली कोरत आणले आहे. तिथे दगडावर दगड ठेवून काही बांधलेले नाही; नको तो दगड काढून टाकला आणि हवे ते उरले. या कामात एकदा उडवलेली कपची परत चिकटवता येत नाही. ही अट मला युद्धखेळासाठी फार मोलाची वाटते, कारण जवळपास सगळ्या फौजा खेळ पुढे सरकेल तसे काहीतरी मिळवत जातात किंवा नुसत्याच झिजत जातात. स्वतःच्या निर्णयाने स्वतःला कमी करत धारदार होत जाणारी फौज क्वचितच दिसते.

हिला आपण अर्धशिल्पांची फौज म्हणू. डाव सुरू होताना तिची प्रत्येक तुकडी शिळेच्या रूपात असते: चाल तीन इंच, प्रत्येकी एकच वार, पण बचावाचा फासा दोन किंवा वर, म्हणजे सहा बाजूंच्या फाशावर दोन किंवा जास्त पडले की लागलेला घाव वाया जातो. आपल्या फेरीच्या आरंभी खेळाडूने हवे तर तुकडी कोरावी, म्हणजे बचाव एका पायरीने उतरवून त्याच्या बदल्यात दोन इंच चाल किंवा एक जादा वार घ्यावा. मागे फिरणे नाही. समोरच्याला पडणारा पेच उघड आहे: आत्ता, काहीच लागत नसताना, या शिळांवर वार वाया घालवायचे, की त्या जिवंत होऊन अंगावर येईपर्यंत थांबायचे?

इथे आकडेमोडीची एक खोच आहे आणि ती न पाहता गुणांची किंमत (फौज उभारताना प्रत्येक तुकडीसाठी मोजायचे गुण) लावली तर फौज बिघडते. बचाव दोन किंवा वर असताना सहापैकी एकच घाव आत जातो; तीन किंवा वर झाला की सहापैकी दोन जातात, म्हणजे पहिल्याच कोरणीत नुकसान दुप्पट होते. तिथून चारवर उतरले की दोनाचे तीन होतात, म्हणजे दीडपट, आणि चारवरून पाचवर उतरले की तिनाचे चार, म्हणजे केवळ सव्वापटीहून थोडे जास्त. पहिली पायरी सर्वांत महाग आणि शेवटची सर्वांत स्वस्त असल्यामुळे सगळ्या पायऱ्यांना सारखेच बक्षीस ठेवले, तर शहाणा खेळाडू एकतर मुळीच कोरणार नाही किंवा सगळे एकाच दमात कोरून टाकील. म्हणून पहिल्या कोरणीला चाल आणि वार दोन्ही द्यावेत, पुढच्या दोन्हींना एकेकच द्यावे, आणि एका फेरीत एका तुकडीला एकदाच कोरू द्यावे. ही फौज हरते ती घाईने. पटाच्या दूरच्या कोपऱ्यांत काबीज करायची दोन ठाणी ठेवली की तिला लवकर कोरून धावावेच लागते आणि अंगावरचा दगड वेळेआधी संपतो. दुर्मीळ असली तरी ही हार बघायला देखणी असते.

मिनिएचरच्या बाबतीत ही फौज वेळखाऊ आहे, कारण एकाच शिल्पाच्या तीन अवस्था लागतात: नुसता ठोकळा, कमरेपर्यंत बाहेर आलेली आकृती आणि पूर्ण मूर्ती. मात्र खर्च फारसा येत नाही. दाट फोमचा तुकडा घ्यावा (साधा थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात), जुनी किंवा मोडकी मिनिएचर कमरेत कापून त्यात रोवावी आणि सांध्यावर पुट्टी भरावी. स्प्रे प्रायमर फोमला खातो, म्हणून आधी पातळ केलेल्या फेविकॉलचे किंवा ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. टाकीचे घाव कसे दिसतात ते पाहायचे असेल तर अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात जावे. ते अर्धवट सोडलेले आहे आणि काम मध्येच थांबलेला दगड कसा दिसतो हे तिथे हातभर अंतरावरून बघता येते. रंगवताना बेसाल्टला निळसर राखाडी देण्याचा मोह टाळावा. आपल्याकडचा दगड तपकिरीकडे झुकतो आणि उन्हापावसाने त्यावर गंजासारखे डाग पडतात.

दुसरी कल्पना तुमच्या सांगाड्यांच्या सेनेला पर्याय ठरेल. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत वेशीजवळ, पारापाशी किंवा पडक्या देवळाच्या आवारात शेंदूर लावलेले उभे दगड दिसतात, त्यांतले बरेच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, असतात. खालच्या चौकटीत वीर झुंजताना किंवा पडलेला असतो, आणि अनेकदा ही झुंज गाई वळवून नेणाऱ्यांशी असते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाच्या पूजेला बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. मेलेल्यांची फौज म्हटले की कबरीतून उठणारी हाडे दाखवण्याची सवय आपण बाहेरून घेतली. आपल्याकडचा मेलेला वीर उठून चालत नाही, पडल्या जागी उभा राहतो आणि गाव त्याच्या भोवती जमते. ही कल्पना पटावर आणली तर तिच्यातून मिळणारा पेच विलक्षण आहे: कोणाला मारायचे नाही?

नियम असा बसवता येईल. फौजेत तीन वीर असतात, बाकी सगळे साधे गावकरी, भालाईत आणि गोफणवाले. पटावर गोधनाच्या तीन खुणा असतात. शत्रूच्या हातून, गोधनाच्या खुणेपासून सहा इंचांच्या आत वीर पडला तरच त्या जागी 40 मिलिमीटर बेसवर (मिनिएचरखालच्या चकतीवर) वीरगळ उभा राहतो. अन्यत्र पडला तर तो नुसता मेला. ही अट नसेल तर खेळाडू पहिल्याच फेरीत तिन्ही वीरांना शत्रूच्या तोंडी देऊन मोकळा होतो. पहिला वीरगळ उभा राहिला की त्याच्या सहा इंचांतल्या स्वकीयांनी वार करताना पडलेले एक्के पुन्हा टाकावेत. दुसरा उभा राहिला की कोणत्याही वीरगळाजवळची तुकडी पळून जात नाही. तिसरा उभा राहिला की पटावरचे सगळे गोधन पुन्हा गावाकडे चालू लागते आणि त्याचे गुण मिळू लागतात. तीन चौकटींच्या या तीन पायऱ्या आहेत, म्हणून नवख्या खेळाडूलाही त्या पाठ करायला वेळ लागत नाही.

एक्के पुन्हा टाकण्याचा फायदा दिसतो तेवढा लहान नाही. चार किंवा वरचा फासा मुळात निम्म्या वेळा पडतो. एक्के पुन्हा टाकता आले की तो शंभरात साधारण अठ्ठावन्न वेळा पडतो. म्हणजे वीरगळाजवळ उभे असलेले सहा गावकरी जवळपास सातांइतके लढतात आणि शिवाय हटत नाहीत. याला उतारा म्हणून समोरच्या फौजेला जिवंत पकडण्याची मुभा द्यावी: वार करण्याआधी तसे जाहीर करायचे आणि फाशातून एक वजा करायचा. पकडलेला वीर वीरगळ होत नाही. इथे ऑर्क अडचणीत येतील, कारण त्यांना हात आवरता येत नाहीत, आणि एल्फ खूश होतील. जुन्या फौजांचेही स्वभाव अशा वेळी नव्याने कळतात, हा माझ्या मते या फौजेचा सर्वांत मोठा लाभ आहे.

गोधनाच्या खुणांसाठी नुसत्या चकत्या वापरू नयेत. तुमच्या नांदेडकडची लाल कंधारी आणि लातूर-उदगीरकडची देवणी या दोन्ही जाती रंगवायला सुंदर आहेत. लाल कंधारीला गडद तांबड्यावर खांदा आणि मानेकडे काळपट झाक द्यावी; देवणी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा चट्टे असलेली रंगवावी. बाजारात मिळणाऱ्या परदेशी गाईच्या मिनिएचरला वशिंड नसते, ते पुट्टीने चढवावे लागते आणि गळ्याखालची पोळीही थोडी लांबवावी लागते. एवढे केले की बेसवर वेगळे काही न लिहिता ही लढाई कुठली आहे ते कळते.

आता किल्ला. देवगिरीचे नाव निघाल्यावर लोक तिथली मेंढा तोफ आणि चांद मिनार सांगतात, पण खेळ रचणाऱ्याने तिथली वाट पाहावी. दरवाजे एकासमोर एक नाहीत, त्यामुळे हत्तीला धाव घेऊन धडक देता येत नाही. डोंगराचा पायथा तासून कडा केलेला आहे, खंदक ओलांडायला एकच अरुंद जागा आहे, आणि पुढे अंधारी नावाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे, ज्याच्या वरच्या तोंडाशी निखारे पेटवून आत धूर कोंडण्याची सोय होती. किल्ला अवघड असूनही 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्रदेव यादवाला तह करावा लागला. कडा कोणी चढून आले नव्हते. मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेली होती आणि किल्ल्यात पुरेसे धान्य नव्हते. घाईत वर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकिगत सांगितली जाते.

मिठाच्या गोणीचा हा किस्सा म्हणजे तयार नियम आहे. अंधारीच्या रखवालदारांची फौज पटाच्या एका टोकाला अरुंद वाटांच्या मागे बसते आणि तिच्याजवळ पालथ्या ठेवलेल्या पाच गोण्या असतात. दर फेरीला एक उघडायची. चारांत धान्य असते, एकीत मीठ, आणि ते कोणत्या गोणीत आहे हे तिच्या मालकालाही ठाऊक नसते. मीठ निघाले त्या फेरीत फौजेच्या प्रत्येक तुकडीने धैर्याचा, म्हणजे टिकायचे की पळायचे ते ठरवणारा, फासा एक वजा करून टाकावा. सहा फेऱ्यांच्या डावात पाच गोण्या म्हणजे शेवटच्या फेरीला उपास ठरलेला, आणि मीठ कधी येईल याचा धसका वेगळा. ही फौज ड्वार्फांसारखी होईल अशी शंका येईल, पण ड्वार्फ जाड चिलखतावर टिकतात आणि हे लोक हुलकावणीवर. पटावर तीन दरवाजे मांडावेत, त्यांतला एकच खरा असावा, आणि तीन इंचांहून अरुंद फटीतून जाणाऱ्या शत्रूला धुराची कसोटी द्यावी लागावी. एक धोका मात्र ओळखून ठेवावा. समोरचा खेळाडू नुसता वेढा घालून बसला तर डाव कंटाळवाणा होतो; म्हणून विजयाचे गुण किल्ल्याच्या आत ठेवावेत आणि वेढेकऱ्याला बाहेर बसण्याचे काहीच देऊ नये.

पाण्यावरची फौज करताना लोक मासे, लाटा आणि शंख घेऊन येतात, आणि मराठवाड्यात ते हास्यास्पद दिसते. इथे पाणी आहे ते जमिनीखाली, नळात आणि बांधामागे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा शहराला नहर-ए-अंबरीने पाणी आणले. जमिनीखालून जाणारी वाट आणि ठरावीक अंतरावर उघडणारी तोंडे अशी तिची रचना होती. 1624 मध्ये अहिल्यानगरजवळच्या भातवडीला त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही सैन्याचा तळ चिखलात रुतवला आणि मग रात्रीचे छापे घातले. दक्षिणेकडे नळदुर्गला बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, जिथे माणूस कोरडा उभा राहतो आणि समोरून पाणी कोसळत असते. या तिन्हींतून एकच फौज निघते: पाणी साठवणारी, लपवणारी आणि नेमक्या वेळी सोडणारी.

तिला डावाच्या आरंभी पाण्याचे सहा गुण द्यावेत आणि नंतर एकही नाही. नहरीची तीन तोंडे पटावर ठेवावीत. एका तोंडाशी असलेली लहान तुकडी एक गुण खर्चून दुसऱ्या तोंडातून निघू शकते. दोन गुण खर्चले तर कोणत्याही तोंडाभोवतीचा सहा इंचांचा परीघ एका फेरीपुरता चिखल होतो: चाल निम्मी, धावून हल्ला बंद. तोंडावर शत्रूची तुकडी उभी राहिली की ते तोंड मिटते, हा हिच्यावरचा उतारा. या फौजेचे बळ हलक्या घोडदळात ठेवावे, पण एक काळजी घ्यावी. मारायचे आणि मागे सरकायचे हा डाव इतिहासात कितीही थोर असला, तरी पटावर तो समोरच्याला चिडवणारा ठरतो, कारण त्याच्या हाती पाठलागाखेरीज काहीच उरत नाही. माघार घेणाऱ्या स्वाराने सोडलेली जागा समोरच्याच्या गुणांत जमा झाली पाहिजे. मग तीच माघार हिशेबाची होते आणि दोघांनाही विचार करावा लागतो.

बाकीच्या कल्पना थोडक्यात सांगतो. धान्य-मीठ लादून सैन्यांच्या मागे फिरणाऱ्या बैलांच्या तांड्यावर एक फौज उत्तम होईल, जिचे ठाणेच चालते असेल आणि जी दोन्ही बाजूंना रसद विकू शकेल. तीन खेळाडूंच्या डावाला ती फार शोभेल. फक्त बंजारा समाज आज आपल्या शेजारी राहतो हे लक्षात घेऊन त्यांचा पेहराव काल्पनिक जमातीला चढवू नये. व्यवहार घ्यावा, वेश स्वतःचा रचावा. एकाच अजस्र तोफेभोवती बांधलेली फौजही करता येईल. मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. पन्नास टनांहून जड असे ते धूड बैल आणि हत्ती लावून ओढत नेताना वाटेत काय काय झाले असेल, यावर अख्खी मोहीम रचता येते. तोफ डावात एकदाच उडावी, आणि ती उडेपर्यंत कुठे पोहोचली यावर सगळे ठरावे. मुंजा, खवीस, आसरा, वेताळ यांची फौज मात्र मला तितकीशी पटत नाही. हे सगळे जागेला बांधलेले आहेत, मुंजा पिंपळाला, आसरा विहिरीला किंवा डोहाला, म्हणून त्यांना रांगेत उभे करून चालवले की ते ऑर्कच होतात. त्यांना कोणाच्याही बाजूचे न ठेवता पटावरच्या झाडांना आणि बारवांना लावून द्यावे.

खंडोबा, तुळजाभवानी, येडाई अशा नांदत्या देवतांना मिनिएचर करू नये असे माझे ठाम मत आहे. कारण साधे आहे: पटावरची प्रत्येक मिनिएचर कधीतरी हरते, आडवी पडते आणि डबीत कोंबली जाते. वीरगळावर नाव नसलेला वीर चालतो. ज्याच्यापुढे घरची माणसे हात जोडतात तो नको.

गुणांची किंमत ठरवताना नवीन फौजेत लांबून मारणारे स्वस्त ठेवण्याची चूक सर्रास होते. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने 1916 मध्ये मांडलेले गणित इथे उपयोगी पडते: सगळे सगळ्यांवर मारा करू शकतात तेव्हा बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि समोरासमोरच्या हातघाईत, जिथे जागेअभावी एकास एकच भिडतो, ते नुसत्या संख्येप्रमाणे वाढते. दहाऐवजी वीस गोफणवाले आले की त्यांचे बळ दुपटीच्या नव्हे, चौपटीच्या जवळ जाते. त्यामुळे वीरगळांच्या फौजेत गोफणवाल्यांच्या तुकड्यांवर मर्यादा घालावी. किंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तो संख्येतूनच येतो.

चाचणी मिनिएचर रंगवण्याआधी, पुठ्ठ्याच्या चकत्यांवर करावी. डाव लहान ठेवावा, एक बाजू नवी आणि एक जुनी, आणि तोच डाव बाजू बदलून लगेच पुन्हा खेळावा, म्हणजे जिंकले ते फौजेमुळे की खेळाडूमुळे हे कळते. एकाच वेळी एकच आकडा बदलावा. संपूर्ण फौजेला लागू होणारा खास नियम एकच असू द्यावा आणि एका तुकडीला दोनांहून अधिक खास नियम देऊ नयेत. आठवणीत न राहणारा नियम चाचणीत चुकीचा खेळला जातो आणि चाचणी फुकट जाते.

बेस सगळ्यांना सारखेच द्यावेत, काळ्या मातीचे. खरी माती वस्त्रगाळ करून पातळ फेविकॉलमध्ये कालवून लावली की वाळताना ती आपोआप भेगाळते, आणि 28 मिलिमीटरच्या माणसाच्या पायाशी त्या बारीक भेगा वैशाखातल्या रानासारख्या दिसतात. थर पातळ ठेवावा, नाहीतर एमडीएफचा (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीचा) बेस वाकतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी स्प्रे मारू नये, कारण रंग हवेतच सुकून मिनिएचरवर खरखरीत बसतो. पहाटे मारावा, आणि ब्रशने रंगवताना ओला पॅलेट (रंग वाळू न देणारी ओलसर ताटली) वापरावा. रेझिनच्या छापील मिनिएचर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवल्या तर भाले आणि तलवारी वाकतात.

कोणती फौज आधी घ्यावी असे विचाराल तर वीरगळांची. तिला तीन चांगले वीर, दोन डझन साधे गावकरी आणि तीन गाई एवढेच लागते, तुमच्या सांगाड्यांशी तिची थेट तुलना करून पाहता येते आणि तिचे नियम एका पानात बसतात. तिच्यामागून नहरीची फौज घ्यावी, कारण तिच्यासाठी तुमच्या मानवी सरदारांचे घोडेस्वार तात्पुरते वापरता येतील. रखवालदारांना पटावरचा किल्ला बांधावा लागेल, ते काम दिवाळीच्या सुट्टीला ठेवा. तोपर्यंत घरोघरी मुलांचे मातीचे किल्ले झालेलेच असतात, आणि एखादा त्यांच्याकडून उसना मागायलाही हरकत नाही. अर्धशिल्पांची फौज मात्र सवडीने करावी, आणि तिच्या पहिल्या कोरणीचे बक्षीस किती ठेवले तर दोन्ही बाजूंना डाव बरोबरीचा वाटतो, ते आधी पुठ्ठ्याच्या चकत्यांवर पक्के करून घ्यावे.